पॅकिंग बदलूनही चेंबर पुन्हा गळतो तेव्हा

इंजिनाच्या तळाशी असलेला चेंबर, म्हणजे इंजिन ऑइल साठून राहते तो पत्र्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाग, एकदा गळला तर ती साधी दुरुस्ती असते. परंतु चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यातले पॅकिंग बदलून, सांधा बंद करणारे नवे सिलिकॉन लावून आणि सगळे बोल्ट आवळूनही काही आठवड्यांत गाडीखाली पुन्हा काळा डाग दिसू लागला, तर तेच पॅकिंग आणखी एकदा बदलण्याआधी थांबावे. अशा वेळी दोष पॅकिंगमध्ये क्वचितच असतो. तेल वरच्या दुसऱ्याच जागेवरून उतरत असते, किंवा इंजिनाच्या आतला दाब पॅकिंगला टिकू देत नसतो, किंवा ज्या कडेवर पॅकिंग बसते ती कडच सरळ राहिलेली नसते. यांपैकी नेमके काय घडते आहे हे ठरवल्याशिवाय चेंबर उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानदेशात ही तक्रार नेहमीची आहे आणि तिची कारणे रस्त्यावरच दिसतात. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात बागेपर्यंत गाडी न्यावी लागते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात, दिवाळीनंतर त्या वाळून टणक होतात आणि मधला उंचवटा बरोबर चेंबरच्या उंचीला येतो. गावाच्या वेशीवरचे उंच गतिरोधक, खडीचे कच्चे रस्ते आणि सातपुड्यातले घाट यांची त्यात भर पडते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा तेल पातळ होते आणि हिवाळ्यात नुसती ओलसर दिसणारी जागा मे महिन्यात थेंब टाकू लागते. म्हणून जानेवारीत केलेली दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, याचा निकाल बरेचदा उन्हाळ्यातच लागतो.

गळती खरोखर चेंबरचीच आहे का

तेल नेहमी खाली उतरते आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे इंजिनाच्या कोणत्याही भागातून गळालेले तेल शेवटी चेंबरच्या कडेवर येऊन थांबते व तिथूनच ठिबकते. थेंब जिथे पडतो ती जागा पाहून निष्कर्ष काढणे ही या प्रकरणातली सर्वांत मोठी गफलत आहे. ओली दिसणारी सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. उगम बहुतेक वेळा तिच्या आसपासच असतो.

त्यासाठी आधी इंजिन स्वच्छ करावे लागते. गाडी थंड असताना तेलकट भागावर डीग्रीझर लावून ब्रशने घासावे, विजेचे कनेक्टर आणि अल्टरनेटर पाण्यापासून झाकावेत, धुऊन कोरडे होऊ द्यावे. नंतर चेंबरची कड, तिच्या वरचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धड) आणि टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची, खालची बाजू यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर मारावा आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी. पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आखून ठेवल्या, तर सकाळी थेंब कोणत्या बाजूला पडला हेही कळते. इंजिनाखाली प्लास्टिकचे आवरण असल्यास ते काढूनच ही तपासणी करावी, कारण तेल त्यात साठते आणि भलत्याच कोपऱ्यातून बाहेर पडते.

जमिनीवरचा प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. उन्हाळ्यात एसीचे स्वच्छ पाणी पडते आणि त्यात काळजीचे काही नाही. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचा द्रव कूलंट असतो. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. काही गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगचे तेल लालसर असते. इंजिन ऑइल वापरानंतर तपकिरी ते काळे होते आणि डिझेल गाडीत ते तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते.

आता चेंबरवर नाहक ठपका आणणाऱ्या जागा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झाले की तेल ब्लॉकच्या मागच्या बाजूने सरळ खाली येते. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगांमधून तेल सुटते. ऑइल प्रेशर स्विचच्या प्लास्टिकमधून तेल झिरपते. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा; त्याच्या पुढच्या पुलीमागचे सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेले तर पुलीभोवती तेलाचे शिंतोडे दिसतात. सर्वांत फसवे ते मागचे क्रँक सील. इंजिन आणि गिअर बॉक्स जोडले जातात तिथल्या खालच्या छिद्रातून किंवा जोडातून तेल येत असेल आणि चेंबरची कड मात्र कोरडी असेल, तर चेंबर काढून काहीही साधणार नाही. गिअर बॉक्स उतरवूनच ते सील बदलावे लागते. हे तेल क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो, म्हणून ही गळती फार काळ अंगावर काढू नये.

इंजिनाच्या आतला दाब

पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळतीचे जे कारण सर्वांत कमी तपासले जाते, त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. पिस्टनच्या रिंगांमधून ज्वलनाचा थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली चेंबरकडे उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून टॅपेट कव्हरपासून हवेच्या नळीपर्यंत ब्रीदर पाइप दिलेला असतो आणि अनेक पेट्रोल गाड्यांत त्यावर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा वायू सोडणारी झडप, असतो. ही वाट बंद झाली की वायूला जायला जागा उरत नाही, चेंबरमध्ये दाब वाढतो आणि जिथे जोड सर्वांत कच्चा असेल तिथून तो तेल बाहेर ढकलतो. पॅकिंग नवे असले तरी दाब कायम असल्याने काही दिवसांनी तोच जोड किंवा शेजारचे सील सुटते. एक पॅकिंग बदलले की दुसरीकडून गळायला लागते, असा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांनी सर्वप्रथम ब्रीदर पाहावा.

वाट बंद होण्याची कारणे साधी आहेत. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याची वाफ धरते आणि ती तेलाशी मिसळून चिकट गाळ तयार होतो. तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत हा गाळ अधिक असतो. रबरी पाइप वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन आतल्या आत दबतो किंवा त्याचा आतला थर सुटून वाट अडवतो; बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो.

तपासणी कोणालाही करता येते. गाडी समतल जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी आणि इंजिन रेस न देता चालू ठेवावे. उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला रुमाल आधी काढून ठेवावा. फिरत्या पट्ट्यात तो अडकला तर जीवघेणा अपघात होतो. मग ऑइल भरायचे झाकण हळूच सैल करून उलटे त्याच तोंडावर ठेवावे. किंचित थरथर, किंवा पेट्रोल गाडीत हलकीशी ओढ, ही सामान्य गोष्ट आहे. डिझेल इंजिनात थोडी फुंक असतेच. पण झाकण उडू लागले, तोंडातून धूर ठोके देत बाहेर येऊ लागला, किंवा डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) आपोआप वर सरकलेली आढळली, तर आत दाब साठतो आहे हे निश्चित समजावे.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे, कारण इथे दोन अगदी वेगळे दोष वेगळे करता येतात. ब्रीदर पाइप टॅपेट कव्हरपासून सोडवून पुन्हा झाकणाजवळ पाहावे. पाइप सोडताच झाकणावरची फुंक कमी झाली आणि सोडलेल्या तोंडातून वायू माफक येत असेल, तर पाइप किंवा त्यापुढची वाट तुंबलेली आहे. ती साफ करून अथवा पाइप व व्हॉल्व्ह बदलून प्रश्न सुटतो. पाइप सोडल्यावरही तोंडातून जोराने, सतत, धुरकट वायू येत राहिला, तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेणे हाच पुढचा मार्ग आहे. अशा इंजिनावर कितीही महागडे पॅकिंग लावले तरी ते टिकत नाही, हे मालकाला दुरुस्तीपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. यावलकडच्या एका डिझेल गाडीचे पॅकिंग वारंवार बदलले गेले होते; प्रत्यक्षात ब्रीदरचा पाइप वाकणाच्या जागी आतून पूर्ण चपटा झालेला निघाला. पाइप बदलून मग एकदा नीट पॅकिंग केल्यावर ती गळती थांबली.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट: तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले तर क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि सीलांवरचा भार वाढतो. गळते म्हणून अंदाजाने जास्तच ओतून ठेवण्याची सवय घातक आहे. छोट्या गाड्यांत खालच्या व वरच्या खुणेत साधारण १ लिटरच्या आत-बाहेर अंतर असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कड, सिलिकॉन आणि बोल्ट

गळती चेंबरचीच ठरली आणि दाबही योग्य आढळला, तरच चेंबर उतरवावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, भक्कम घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात. शेतात किंवा अंगणात काळ्या मातीवर जॅक लावताना खाली जाड लाकडी फळी टाकावी, कारण वरून कोरडी दिसणारी माती आत भुसभुशीत असू शकते. तेल कोमट असताना काढावे. उकळत्या तेलाने हात भाजतो. काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा आधार) सोडल्याशिवाय चेंबर निघत नाही, म्हणून आधी त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका पाहून घ्यावी.

जुन्या सिलिकॉनने चिकटलेला चेंबर पेचकस घालून उचकटणे हे पुढच्या गळतीचे बीज असते. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर पडलेला एक ओरखडा तेलाला कायमची वाट करून देतो. पातळ पात्याने सिलिकॉन कापत जावे आणि लाकडी हातोडीने बाजूने हलके ठोके द्यावेत. कड साफ करताना प्लास्टिकचा खरवडणारा पत्रा वापरावा. ग्राइंडरवरची घासणारी चकती इथे अजिबात लावू नये, कारण तिचे कण इंजिनात गेले तर बेअरिंग खातात.

पत्र्याच्या चेंबरमध्ये बोल्टच्या छिद्रांभोवतीचा पत्रा आवळून आवळून वर उचललेला असतो. गळती पुन्हा येण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. बोल्टजवळ पॅकिंग चिरडले जाते आणि दोन बोल्टांच्या मध्ये ते सैल राहते, मग मालक पुन्हा आवळून घेतो आणि पत्रा आणखी वाकतो. सपाट लोखंडी ठोकळ्यावर कड ठेवून प्रत्येक छिद्राचा उंचवटा गोल डोक्याच्या हातोडीने हळूहळू बसवावा आणि सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. अ‍ॅल्युमिनियमची कड वाकलेली असेल तर ठोकू नये, ती तडकते.

यानंतर दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. बोटाचे तेल कडेला लागले तरी सिलिकॉन धरत नाही. चेंबर पुसेपर्यंत ब्लॉकमधून एखादा थेंब पुन्हा कडेवर येतो, म्हणून इंजिन पुरेसा वेळ निथळू द्यावे आणि लावण्याच्या क्षणी कड शेवटची पुसावी. सिलिकॉन इंजिन ऑइल सहन करणारे आणि सेन्सरला सुरक्षित असेच घ्यावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घरगुती सिलिकॉन धातू गंजवते. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड ओळ छिद्रांच्या आतल्या बाजूने फिरवावी. जास्त लावले म्हणजे जास्त टिकते, हा समज धोकादायक आहे: आत सांडलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर इंजिनाला तेलच मिळत नाही आणि ते जाम होते. ज्या गाडीत कारखान्यातून रबरी किंवा कॉर्कचे पॅकिंग येते, तिच्यात त्यावर सिलिकॉन थापण्याचे कारण नाही. फक्त टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टायमिंग चेन किंवा पट्ट्यावरचे झाकण) आणि मागच्या सीलचे घर ब्लॉकला मिळतात त्या सांध्यांवर थोडे थोडे लावावे. हेच सांधे वगळले गेले म्हणून गळती त्याच कोपऱ्यातून परत येते.

ओळ मारल्यावर तिच्यावर साय धरण्यापूर्वी, साधारण ५ ते १० मिनिटांत, चेंबर बसला पाहिजे. धूळभरल्या वाऱ्यात हे काम उघड्यावर करू नये. बोल्ट मध्यापासून बाहेर, आळीपाळीने समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. १० मिलिमीटरच्या पान्याने फिरणाऱ्या, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या अशा बोल्टांना बहुतेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या जवळपासच आवळ लागते आणि लांब दांड्याच्या पान्याने ती नकळत दुप्पट होते. आवळ मोजणारा टॉर्क पाना वापरावा आणि आकडा पुस्तिकेतलाच धरावा. सिलिकॉन पक्के झाल्यावर हे बोल्ट पुन्हा आवळू नयेत, बसलेला थर तुटतो.

आता आपल्याकडच्या हवेचा मुद्दा. हे सिलिकॉन हवेतील ओलाव्यामुळे पक्के होते. एप्रिल-मेच्या दुपारी खानदेशातली हवा इतकी कोरडी असते की वरचा थर धरल्यासारखा वाटला तरी आतला भाग कच्चाच राहू शकतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावाच, आणि उन्हाळ्यात तेल भरण्याआधी पूर्ण २४ तास, शक्य असल्यास त्याहून अधिक वेळ द्यावा. गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी हवी असते हे खरे, परंतु त्याच घाईने त्याला महिनाभराने परत यावे लागते.

ड्रेन बोल्ट

बऱ्याचदा कड कोरडी असते आणि थेंब चेंबरच्या सर्वांत खालच्या ड्रेन बोल्टवरून पडतो. तेल बदलताना तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर जुनाच ठेवला जातो. तो एकदा चपटा झाला की पुन्हा नीट बसत नाही. नवा वॉशर घालून पुस्तिकेतल्या आकड्याने आवळावे. जोर लावून आवळल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघून गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. तिचे तुकडेही त्याच जाळीवर जातात. चेंबर उतरवून आत धातूची आट्याची स्प्रिंग बसवून घेणे किंवा चेंबर बदलणे, हेच टिकाऊ उपाय आहेत.

मार बसलेला चेंबर

दणका बसला पण गळत नाही, म्हणून निश्चिंत राहू नये. पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून फार थोड्या अंतरावर असते. तळ आत दबला की जाळीकडे तेल येण्याची वाट अरुंद होते आणि गळतीचा एक थेंब न पडता इंजिनाची हानी होते. खोल दबलेला पत्र्याचा चेंबर बदलावा. तडकलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग होते, पण वर्षानुवर्षे तेलात राहिलेल्या धातूवर ते नीट धरत नाही, त्यामुळे मी नवा चेंबर घेण्याच्याच बाजूचा आहे.

वाटेत चेंबर फुटला तर पहिली गोष्ट इंजिन बंद करणे. तेलाच्या चंबूचे लाल चिन्ह पेटलेले असताना पुढच्या गावापर्यंत नेऊ असा विचार केला, तर किरकोळ खर्चाचे काम पूर्ण इंजिनावर जाते. तोरणमाळ किंवा चांदसैलीच्या घाटात वळणावर हे चिन्ह क्षणभर लुकलुकले तरी थांबावे. तेल कमी झाल्यावर चढणीत आणि वळणात ते एका बाजूला सरकते व जाळी उघडी पडते. बारीक चीर असल्यास तेल पूर्ण काढून, जागा पेट्रोलने पुसून, खरखरीत करून दोन भाग मळून लावायचे एपॉक्सी सील चिकटवता येते. पेट्रोल वापरताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि जवळ विडी-सिगारेट नसावी. सील पुरते कडक झाल्यावर तेल भरून, पातळी वारंवार पाहत, गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. डिझेलच्या टाकीची गळती थांबवायला साबण घासण्याची जुनी युक्ती तापलेल्या चेंबरवर चालत नाही.

काढलेले जळके ऑइल नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. गॅरेजमध्ये त्यासाठी वेगळा बंद पिंप ठेवलेला असावा.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू करून तेलाचा लाल दिवा विझतो का ते पाहावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे, बंद करून काही मिनिटांनी पातळी मोजावी आणि टॉर्चच्या उजेडात कड बोटाने चाचपावी. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा महिन्याने हीच पाहणी करावी. शेताच्या वाटेने नेहमी जाणाऱ्या गाडीला लोखंडी चेंबर गार्ड लावून घ्यावा, मात्र ड्रेन बोल्ट आणि फिल्टरखाली छिद्रे असलेलाच. पावसाळा संपताच तो एकदा सोडवून आत भरलेली काळी माती काढावी, कारण गार्ड व चेंबर यांच्यामध्ये अडकलेली ओली माती कित्येक आठवडे वाळत नाही आणि पत्र्याचा चेंबर तिथूनच गंजून पातळ होत जातो.